आईला विज्ञान येत नाही, लेकीची दहावी आहे

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा:

“माझी मुलगी दहावीत आहे, सेमी इंग्लिशला. डिसेंबरमध्ये शाळेची पहिली पूर्वपरीक्षा झाली. विज्ञान भाग १ ला ४० पैकी १७ आणि भाग २ ला ४० पैकी २९ मिळाले. मी स्वतः मराठी माध्यमातून दहावी झाले, पुढे कला शाखेतून बारावी. आता घरी शिवणकाम करते. तिचं पुस्तक उघडलं की इंग्रजीमुळे पहिल्याच ओळीला घोडं अडतं. माझ्या जाऊबाई पुण्यात असतात, त्यांचा मुलगा सीबीएसईला आहे. त्या म्हणतात, स्टेटचं विज्ञान म्हणजे नुसतं पाठांतर, त्यात सतरा पडले म्हणजे अवघडच आहे. क्लासचे सर सहा आठवड्यांची फास्ट ट्रॅक बॅच लावा म्हणतात, फी बारा हजार. मिस्टर म्हणतात, एवढ्या गुणांवर सायन्सला घालायचीच कशाला, आर्ट्सला घालू. मुलीला नर्स व्हायचंय. पण हल्ली विज्ञानाचं नाव काढलं की ती उठूनच जाते. मला तिला शिकवता येत नाही याचं फार वाईट वाटतं. मी काय करू? दोन्ही पेपरांचे फोटो पाठवते आहे. आणि बोर्डाचे गुण पटले नाहीत तर पेपर परत तपासून मिळतो का?”

ताई,

पेपरांचे फोटो जोडलेत ते फार बरं केलंत. अशी पत्रं माझ्याकडे बरीच येतात, पण त्यात गुण तेवढे लिहिलेले असतात, पेपर नसतो. नुसत्या १७ वरून मी काय सांगणार? मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय, त्यामुळे पेपर समोर आला की हातात पेन येतंच. तुमच्या लेकीचा भाग १ चा पेपर मी बसून पुन्हा पाहिला, गुण द्यायला नव्हे, गेलेले गुण कुठे गेले ते बघायला.

तुम्हालाही तो तसा बघता यावा म्हणून आधी परीक्षेची रचना सांगते. आपल्या बोर्डाचा ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हा विषय १०० गुणांचा. भाग १ ची लेखी परीक्षा ४० ची, भाग २ ची ४० ची, वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी दोन तास. उरलेले २० गुण शाळेत होणाऱ्या प्रात्यक्षिकांचे. भाग १ म्हणजे ढोबळमानाने भौतिक आणि रसायन: गुरुत्वाकर्षण, विद्युतधारा, उष्णता, भिंगं, धातू, कार्बनी संयुगं वगैरे. भाग २ मध्ये जीवशास्त्र आणि त्याच्या आजूबाजूचं: आनुवंशिकता, पेशी, प्राण्यांचं वर्गीकरण, शिवाय सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापनसुद्धा.

चाळीस गुणांची वाटणी दोन्ही भागांत सारखीच असते. पहिला प्रश्न १० गुणांचा: पाच पर्यायी, पाच एकेका गुणाचे. दुसऱ्यात आधी शास्त्रीय कारणं, तीनपैकी दोन, गुण ४. मग पाचपैकी तीन छोटे प्रश्न, गुण ६. तिसऱ्यात आठपैकी पाच, प्रत्येकी ३ प्रमाणे १५. चौथ्यात दोनपैकी एक, गुण ५. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि शिलाई मशिनच्या समोरच्या भिंतीला चिकटवा. विज्ञानातलं अक्षर कळत नसलं तरी हा कागद कळतो, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या हातची निम्मी मदत त्याच्यावरूनच होते.

आता तिचा पेपर. पहिल्या प्रश्नात १० पैकी ८. शास्त्रीय कारणांत ४ पैकी १. दुसऱ्याच्या उरलेल्या भागात ६ पैकी ३. तिसऱ्यात १५ पैकी ५. चौथा प्रश्न कोरा. झाले १७, गेले २३. तिसऱ्या प्रश्नातला पाचवा उपप्रश्नही तिने घेतलेला नाही, म्हणजे तिथले ३ आणि चौथ्याचे ५ असे ८ गुण नुसत्या कोऱ्या जागेचे. आणखी ९ गुण असे, की तिला उत्तर ठाऊक आहे हे लिहिण्यावरून दिसतं, पण ते अर्धवट सोडलंय किंवा घाईत चुकवलंय. अजिबात आलंच नाही म्हणून गेलेले गुण उरतात ६. कोऱ्या जागेत जे लिहायचं होतं ते तिला येत होतं की नाही हे मला फोटोवरून सांगता येणार नाही. ते तिला विचारा, आणि विचारताना आवाज नेहमीचाच ठेवा. पण तुम्ही, जाऊबाई, मिस्टर आणि क्लासचे सर, चौघांनीही हिला विज्ञान जमत नाही असं गृहीत धरलंय, आणि या पेपरात त्याला म्हणावा तसा आधार नाही.

वेळ कुठे गेला तेही पेपरातच दिसतं. पहिला प्रश्न पाहा. पाचही पर्यायी प्रश्न तिने अख्खे उतरवून काढलेत, खाली चारही पर्याय लिहिलेत, बरोबर उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारल्यात. अक्षर मोत्यासारखं आहे, पण तिथे दीड पान आणि बहुधा पंधरा-वीस मिनिटं गेली. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर वरच सूचना छापलेली असते, की पर्यायी प्रश्नाला उपप्रश्नाचा क्रमांक आणि अचूक पर्यायाचं अक्षर एवढंच लिहायचं. त्याच सूचनांत आणखी एक ओळ असते, जी मुलं कधी वाचत नाहीत: पर्यायी प्रश्नात पहिल्याच प्रयत्नाचं मूल्यांकन होईल. तिने एका ठिकाणी बी खोडून सी केलंय. सी बरोबर होतं, पण गुण गेला. शाळेच्या बाईंनी बोर्डाच्या नियमानेच पेपर तपासलाय, आणि माझ्या मते ते योग्यच केलंय.

आता शास्त्रीय कारणांकडे या, कारण तुमच्या उपयोगाची खरी जागा ती आहे. प्रश्न होता: तांब्याची भांडी हिरवट पडली की ती घासायला चिंच किंवा लिंबू वापरतात, कारण सांगा. लेकीने इंग्रजीत लिहिलंय की चिंच आंबट असते, त्यामुळे भांडं स्वच्छ निघतं. हे काही खोटं नाही, पण दोन गुणांच्या प्रश्नाला परीक्षक दोन मुद्दे शोधत असतो. एक, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी तांब्याची अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर कॉपर कार्बोनेटचा हिरवा थर जमतो. दोन, चिंचेतलं किंवा लिंबातलं आम्ल या थराशी अभिक्रिया करून तो विरघळवतं, म्हणून खालचं तांबं पुन्हा चमकतं. तुम्ही देवघरातला तांब्या चिंचेने घासला असेलच. मग तुम्हीच तिला विचारा ना: थर कसला? आला कुठून? चिंचेने त्याचं काय केलं? हे तीन प्रश्न विचारायला रसायनशास्त्र यावं लागत नाही. ‘आंबट असते म्हणून’ यावर जी आई “मग?” असं विचारते, ती परीक्षकाचंच काम करत असते.

पत्रात तुम्ही म्हणता, मला शिकवता येत नाही. ताई, शिकवायला सांगितलंय कोणी? शिकवणारे शाळेत आहेत. दहावीच्या मुलाला घरी हवं असतं ते लिहिलेलं उत्तर बघणारं, मुद्दे मोजणारं आणि कंटाळा न करता पुढे विचारणारं माणूस. बीएस्सी झालेले बाप पुष्कळदा इथेच चुकतात. ते मुलाच्या हातातलं पेन काढून घेतात आणि आपणच सोडवून दाखवतात. तुमच्याकडून तो धोका नाही.

इंग्रजीचं घोडं मात्र सोडवता येईल असं आहे. शेजारीपाजारी, नात्यात, मराठी माध्यमातून अलीकडे दहावी झालेलं कोणीतरी असेलच. त्याचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणा. दहावीची सध्याची पुस्तकं २०१८ ची आहेत, त्यामुळे त्यानंतरचं कुठलंही चालेल. नाही मिळालं तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. सेमीच्या मुलांचं इंग्रजी पुस्तक आणि हे मराठी पुस्तक, दोन्ही बालभारतीचीच. धडे तेच, क्रम तोच, आकृत्या त्याच, धड्याखालचा स्वाध्यायही तोच. ती इंग्रजीतून सांगेल, तुमच्या मांडीवर मराठी पुस्तक उघडं असेल. आकृतीवर बोट ठेवलं की दोघी एकाच जागी आहात.

तिच्या इंग्रजीची फार काळजी करू नका. पेपरात तिची वाक्यं छोटी आणि साधी आहेत, व्याकरण इकडेतिकडे आहे, पण विज्ञानाच्या पेपरात तपासणारा माणूस मुद्दा, संज्ञा, आकृती आणि सूत्र शोधतो. अडचण तिथे येते जिथे ती नेमकी संज्ञा टाळून सैल शब्द वापरते. तेवढ्यासाठी प्रत्येक धड्यातल्या दहा-बारा संज्ञा तिने वहीच्या मागच्या पानावर लिहाव्यात, समोर मराठी शब्द, आणि स्पेलिंग पाठ करावं. हो, एवढं पाठांतर लागतंच.

उदाहरणांचं, म्हणजे गणितं सोडवायची असतात त्या प्रश्नांचं, एक सांगते. तिसऱ्या प्रश्नात भिंगाचं गणित होतं: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर, वस्तू १५ सेंटिमीटरवर, तर प्रतिमा कुठे? तिने सूत्र बरोबर लिहिलं, त्याचा एक गुण मिळाला. मग घाईने आकडे घातले आणि उत्तर काढलं ६. बरोबर उत्तर आहे ३०. चूक एवढीच, की वस्तूचं अंतर ऋण धरायचं असतं, म्हणजे उणे १५. ते तिने अधिक धरलं. ती हा संकेत विसरली असं मला वाटत नाही, कारण भाग १ मध्येच दुसऱ्या एका उत्तरात तिने तो नीट लिहिलाय. ती विसरली ‘दिलेले’ ही ओळ. गणिताच्या सुरुवातीला काय काय दिलंय ते चिन्हासकट लिहायचं, मग सूत्र, मग किमती, मग उत्तर आणि त्याच्यापुढे एकक. उणे चिन्ह त्या पहिल्या ओळीतच बसतं. ओळ गाळली की चिन्ह गळतं. तुम्हाला ३० बरोबर की ६ हे कळायची गरज नाही. चारही पायऱ्या आहेत का आणि शेवटी सेंमी लिहिलंय का, एवढं बघा. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात.

खरोखर न आलेले जे सहा गुण म्हटले, ते जवळजवळ सगळे एकाच धड्यातले आहेत: विद्युतधारेचे परिणाम. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आणि विद्युत चलित्र, म्हणजे विजेची मोटर, तिला कळलेलं नाही. पाठ केलेली दोन वाक्यं एकमेकांत मिसळली आहेत. यासाठी शाळेच्या बाईंना गाठा. “मुलगी विज्ञानात कच्ची आहे हो” असं म्हणू नका, त्यावर त्या बिचाऱ्या काय करणार? “चौथ्या धड्यातलं चलित्र तिला समजलेलं नाही, मधल्या सुट्टीत वीस मिनिटं द्याल का?” असं म्हणा. एवढं नेमकं मागणाऱ्या पालकाला नाही म्हणणारा शिक्षक मी क्वचितच पाहिलाय. आणि तुमच्या मशिनला मोटर बसवलेली असेल तर लेकीला त्या मोटरीकडे बोट दाखवून विचारा, वीज आत जाते आणि चाक फिरतं, मधे काय घडतं? वीजप्रवाह वाहणाऱ्या वाहकावर चुंबकीय क्षेत्रात बल पडतं, हे उत्तर तिला द्यावं लागेल. मोटर उघडू मात्र देऊ नका.

आता पुढच्या आठवड्यांचं. पूर्वी बोर्डाची परीक्षा मार्चची असं डोक्यात पक्कं असायचं. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे शाळेतून या वर्षाचं छापील वेळापत्रक घ्या आणि त्याच्यावरूनच दिवस मोजा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्यावरून नको. मी असं सुचवेन: आठवड्यातून दोनदा, बुधवार आणि रविवार म्हणू या, तिने भाग १ ची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहायची. एका बैठकीत अख्खी जमली नाही तरी तिसरा आणि चौथा प्रश्न सुटायचा नाही. वेळेचा हिशेब साधारण असा: पहिला प्रश्न पंधरा मिनिटांत संपवायचा, दुसरा अर्ध्या तासात, तिसरा पाऊण तासात, चौथ्याला वीस मिनिटं. झाले एकशे दहा मिनिटं. २०२३ पासून दोन तासांच्या शेवटी आणखी १० मिनिटं वाढवून मिळतात. म्हणजे वाचायला आणि खाडाखोड तपासायला वीस मिनिटं उरतात. घड्याळ तुम्ही सांभाळा. मशिन चालवताचालवता “पंधरा झाली, पुढे हो” एवढं म्हणालात तरी पुरे. काही मुलं चौथा प्रश्न आधी सोडवतात. पाच गुणांचा प्रश्न ताज्या डोक्याने होतो हे खरं, पण तिला तसं करायचं असेल तर ते दुसऱ्या पूर्वपरीक्षेत करून पाहू दे. बोर्डाच्या हॉलमध्ये नवे प्रयोग नकोत.

भाग २ कडे दुर्लक्ष करू नका. २९ आहेत ते ३४ होणं भाग १ चे १७ वरून २२ होण्यापेक्षा कदाचित सोपं जाईल. तिच्या आकृत्या चांगल्या आहेत, पण दोन ठिकाणी नावं दिलेली नाहीत. नावांशिवाय आकृतीला विज्ञानाच्या पेपरात फार किंमत नाही. आणखी एक. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ या धड्यात मानवी प्रजनन, मासिक पाळी, जुळी मुलं, टेस्ट ट्यूब बेबी हे सगळं येतं. काही वर्गांत हा धडा “घरी वाचून घ्या” म्हणून उरकला जातो. तिच्या पेपरात तेवढाच प्रश्न तिने पर्याय म्हणून सोडलाय. लाजून सोडला की वर्गात झालाच नाही म्हणून, मला माहीत नाही. या धड्याला तुम्ही स्वतः तिच्याजवळ बसा. जिला नर्स व्हायचंय तिला हा धडा टाळून कसं चालेल?

क्लासबद्दल. मी क्लासच्या विरुद्ध नाही. पण बारा हजार भरण्याआधी सरांना दोनच गोष्टी विचारा. सहा आठवड्यांत मुलीने लिहिलेले किती पेपर तपासून परत मिळतील? आणि बॅचमध्ये मुलं किती? सगळे धडे पुन्हा पहिल्यापासून वेगाने ऐकवणार असतील, तर ते तिच्या कामाचं नाही. तिला ऐकायची नाही, लिहायची आणि लिहिलेलं कोणीतरी वाचायची गरज आहे. समजा सरांनी आठवड्याला दोन पेपर तपासून, चुका दाखवून देतो असं सांगितलं, तर विचार करा. माझं मत विचाराल तर एवढ्या पैशात एखादी शिकवणारी ओळखीची ताई किंवा बीएस्सी करणारा मुलगा पेपर तपासायला मिळतो, आणि तो घराजवळचा असतो.

जाऊबाईंच्या बोलण्याचं काय? सीबीएसईला विज्ञानाचा एकच पेपर असतो, ८० गुणांचा, तीन तासांचा, आणि २० गुण अंतर्गत. प्रश्नांची धाटणी वेगळी आहे, एखादा प्रसंग किंवा तक्ता देऊन त्यावर विचारण्यावर त्यांचा भर जास्त आहे, हे खरं. आयसीएसईला तर भौतिक, रसायन, जीव असे तीन वेगळे पेपर. पण ‘स्टेटचं म्हणजे पाठांतर’ हे ज्यांनी पुस्तक उघडलेलं नसतं ते म्हणतात. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकातून काढला गेला, उत्क्रांतीचा भागही गेला. आपल्या दहावीच्या पुस्तकात दोन्ही आहेत. हे जाऊबाईंना ऐकवायला सांगत नाहीये (फारच झालं तर एकदा ऐकवा). सांगायचं एवढंच, की दोन मंडळांचे गुण शेजारी ठेवून मुलांची तुलना होत नाही. आणि तुमची लेक विज्ञानाचं नाव काढलं की उठून जाते, त्यात चुलतभावाच्या गुणांचा वाटा किती, हे एकदा आठवून पाहा. पेपर घेऊन बसाल तेव्हा सतरापासून सुरुवात करू नका. “तो सी बरोबर होता की गं” इथून करा.

आता मिस्टरांचा प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. अकरावी सायन्स ही दहावीच्या विज्ञानापेक्षा खूप मोठी उडी आहे, विशेषतः भौतिक आणि रसायन. दहावीला ऐंशी मिळवलेली मुलं अकरावीत रडताना मी पाहिली आहेत. तेव्हा त्यांची शंका उगाच नाही. पण निर्णय आज, जानेवारीत, एका पूर्वपरीक्षेवर करायचा नसतो. अकरावीचा प्रवेश निकालानंतर ऑनलाइन होतो, २०२५ पासून तो सगळ्या राज्यासाठी एकत्र आहे, शाखा तेव्हा भरायची. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, त्यामुळे विज्ञान मागे पडलं तरी टक्के सावरू शकतात. म्हणून नुसते टक्के बघून शाखा ठरवू नका, विज्ञानाचे दोन्ही भाग आणि गणित वेगळे काढून बघा.

नर्सिंगच्या वाटा दोन-तीन आहेत. बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी लागतं, आणि आपल्याकडे त्याची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षा, असते. म्हणजे सायन्स घ्यावंच लागेल, मात्र गणित न घेता जीवशास्त्राचा गट घेता येतो. जीएनएम ही नर्सिंगची पदविका मात्र बारावीच्या कुठल्याही शाखेवर करता येते, इंग्रजी विषय असावा लागतो आणि किमान ४० टक्के. आर्ट्सला गेली तर नर्स व्हायचा रस्ता बंद, असं तुम्ही दोघांनी धरलेलं दिसतं, तसं नाही. आणि सायन्सला गेली तर नर्स होईलच, असंही नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एखाद्या सिस्टरशी लेकीची भेट घालून द्या, परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्ये. रात्रपाळी, ड्युटी, पगार, कोण कुठून शिकून आलं, ते तिच्या तोंडून ऐकलं की मुलगी स्वतःच बोलायला लागेल. मिस्टरांनाही बरोबर न्या.

प्रात्यक्षिकांच्या २० गुणांबद्दल पत्रात काही नाही म्हणून आठवण करते: प्रयोगवही पूर्ण आहे का, सह्या झाल्यात का, ते या आठवड्यात बघा. परीक्षेच्या आदल्या रात्री मैत्रिणीची वही उतरवणाऱ्या मुली दरवर्षी असतात.

नववीच्या मुलांच्या पालकांचीही अशीच पत्रं येतात. त्यांना वेगळं काही सांगायचं नाही, फक्त त्यांच्या हाताशी वर्ष आहे. सहामाहीचा तपासलेला पेपर घरी येतो तेव्हा सही करून परत पाठवू नका, एक रविवार तो घेऊन बसा आणि गुण कुठे गेले ते कोरी जागा, अर्धवट उत्तर आणि न आलेलं अशा तीन रकान्यांत मांडा.

तुमचा शेवटचा प्रश्न. हो, बोर्डाचा पेपर पुन्हा पाहून मिळतो. निकालानंतर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो; त्यात बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघतात. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. हे सगळं ऑनलाइन, ठरलेल्या मुदतीत आणि विषयागणिक शुल्क भरून. मुदत निकालापाठोपाठच सुरू होते आणि फार दिवसांची नसते, तेव्हा निकालाच्या आठवड्यात गावाला जाऊ नका. छायाप्रत आली की ती विज्ञानाच्या बाईंना दाखवा आणि त्या म्हणाल्या तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. एखाद्या विषयात राहिलीच तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश घेता येतो. सगळ्या विषयांत पास होऊनही गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा बसता येतं, त्याचा फॉर्म शाळेतूनच भरतात.